लहान इंजिनाची चूक

आम्ही दोघे खामगावात मराठी शिकवतो. मोटारसायकलीशी आमचा संबंध घर ते महाविद्यालय एवढाच. त्यामुळे २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या फेरीला, आम्ही कानांत कापूस घालून बसलो होतो यावर आमच्या सहकाऱ्यांचा अजूनही विश्वास बसत नाही. बोलावणारा आमचाच एक जुना विद्यार्थी होता. तो आता या गाड्यांची इंजिने उघडतो आणि जोडतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी तो आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. पावसाळ्यात त्याची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली असायची, कारण गाडीचा पुढचा मडगार्ड त्याने काढून टाकला होता. गाडी काकांची जुनी यामाहा आरएक्स १०० होती. हे मॉडेल १९९६ सालीच बंद झाले. मातीवरच्या शर्यतींत मात्र त्याला पुढेही मागणी राहिली. अशाच एका शर्यतीच्या दिवशी आमची अंतर्गत चाचणी आली. चाचणी दुसऱ्या दिवशी घ्याल का, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, ‘‘नियम सर्वांना सारखा असतो.’’ तो शर्यतीला गेला, चाचणीत शून्य पडले आणि दुसऱ्या वर्षानंतर त्याने महाविद्यालय सोडले. केवळ त्या शून्यामुळे सोडले असे नाही. पण ते शून्य आमच्या हातचे होते.

बालेवाडीत त्याने आम्हांला वर्गवारी समजावून सांगितली. मोटोक्रॉस ही मोकळ्या रानातल्या चढउतारांची शर्यत. सुपरक्रॉससाठी मैदानात माती आणून तेच चढउतार रचले जातात. गाड्यांना ना दिवा, ना हॉर्न. फरक इंजिनाच्या आकाराचा. साडेचारशे सीसीचा एक वर्ग, अडीचशेचा दुसरा आणि शाळकरी मुलांसाठी पंच्याऐंशी सीसीचा. आम्हांला हे परके वाटले नाही. कुस्तीत वजनाचे गट असतात, बैलगाडा शर्यतीत बैलाचे दात मोजून आदत-दुसा असे गट पाडतात. बळाचे माप आधी बाजूला काढून ठेवल्याखेरीज कसब दिसत नाही, ही समज आपल्या मातीतही जुनी आहे.

आम्ही थबकलो ते पुढच्या गोष्टीशी. जागतिक मोटोक्रॉसमध्ये २००४ पासून १२५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आणि २५० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन एकाच वर्गात धरले गेले. वरच्या वर्गात तसेच २५० आणि ४५०. कारण साधे आहे. टू-स्ट्रोकमध्ये दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दर दुसऱ्या फेऱ्याला. एकाला श्वास घ्यायला अधिक अवधी लागतो, म्हणून त्याला जवळजवळ दुप्पट जागा दिली. या हिशेबावर वादही पुष्कळ झाले, पण सारखेपणा म्हणजे सारखा आकडा नव्हे एवढे तरी नियम करणाऱ्यांनी ओळखले होते. ‘नियम सर्वांना सारखा’ हे आमचे वाक्य आम्हांला तेव्हा आठवले. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

साडेचारशेच्या गाड्या उड्या घेत तेव्हा सारे मैदान उभे राहत होते. तो मात्र मुलांच्या शर्यतीकडे पाहत होता. आम्ही कारण विचारले तेव्हा त्याने आपल्या वऱ्हाडीत सांगितले, ‘‘सर, लहान इंजिनले चूक माफ नसते.’’ मोठ्या इंजिनाला ओढ असते. वळणावर वेग पडला तरी मूठ पिळली की गाडी पुन्हा उठते. लहान इंजिनाचे फेरे एकदा उतरले की उडीपर्यंत ते पुन्हा चढत नाहीत. म्हणून लहान गाडीवरचा मुलगा ब्रेक जपून लावतो, क्लचवर बोट ठेवतो आणि वळणात शिरण्यापूर्वीच बाहेर पडण्याची रेघ ठरवतो. पुढे मोठी गाडी हाती आली तरी ही शिस्त कामी येते. इटलीच्या अंतोनिओ कैरोलीने २०१० साली ३५० सीसीच्या केटीएमवरून साडेचारशेवाल्यांच्या वर्गात जागतिक विजेतेपद मिळवले होते, हेही त्यानेच सांगितले. आम्ही वर्षानुवर्षे ओवी-अभंगाच्या अल्पाक्षरत्वाविषयी बोलत आलो आहोत. थोड्या जागेत एकही शब्द वाया घालवता येत नाही, हे आमच्या टिपणांत लिहिलेले आहे. त्याचा असा अनुभव घेणारा मुलगा समोर बसलेला असताना आम्ही त्याची हजेरी मोजत होतो.

शर्यत संपल्यावर त्याने एक गाडी जवळून दाखवली. पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर उंच होता. आम्ही विचारले, हा असा का? तो हसला. ‘‘मॅडम, आपली काळी माती आठवा.’’ पावसाळ्यात शेताच्या वाटेने गेलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसतो, चाक फिरेनासे होते आणि माणूस खाली उतरून काडीने तो कोरत बसतो. मडगार्ड काढण्याचे कारण त्याने आम्हांला तेव्हाही सांगितले असते. आम्ही विचारले नव्हते. आशय आणि आकृतिबंध यांचे नाते शिकवताना आम्ही जी उदाहरणे देत होतो, त्यांत या मडगार्डाइतके स्वच्छ एकही नव्हते. गाडीला तो आकार चिखलानेच दिला आहे.

आम्ही त्याच्याकडे त्या शून्याचा विषय काढला. त्याला ते आठवत नव्हते, किंवा आठवत नाही असे तो म्हणाला. शर्यत मात्र आठवत होती. तिच्यात तो सहावा आला होता.

परतीच्या प्रवासात आमच्यापाशी तपासायच्या चाचण्यांचा गठ्ठा होता. चौघे अनुपस्थित होते. त्यांची नावे आम्ही एका कागदावर उतरवून घेतली आणि समोर काहीच लिहिले नाही. आधी विचारायचे होते.