सात नंबर बेंचवर

६ डिसेंबर २०२२, वर्ल्ड कपच्या बाद फेरीत पोर्तुगाल विरुद्ध स्वित्झर्लंड. कतारमधली मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होणार होती. तासभर आधी टीम जाहीर झाली आणि आमचा शाळेपासूनचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटला. रोनाल्डो बेंचवर! त्याच्या जागी गोन्सालो रामोस, वय २१, पोर्तुगालकडून पहिल्यांदाच सुरुवातीच्या अकरात.

आमचा ग्रुप कोल्हापूरचा आहे. फुटबॉल आम्हाला टीव्हीने शिकवला नाही. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या टीम शाहू स्टेडियमवर भिडतात आणि अमक्याला का बसवला यावर चहाच्या गाडीवर रात्र जाते. वर्ल्ड कप आला की चौकाचौकात मेस्सी-रोनाल्डोचे कटआउट लागतात. त्यामुळे रोनाल्डोला बसवणं ही पोर्तुगालची अंतर्गत बाब आहे, असं आमच्यात कुणालाच वाटलं नाही.

दोन पार्ट्या लगेच पडल्या. एक म्हणाली, कोच सँतोसने डूख धरला. चार दिवसांपूर्वी कोरियाविरुद्ध रोनाल्डोला ६५व्या मिनिटाला बाहेर काढलं, तेव्हा तो काहीतरी पुटपुटत गेला होता. आपण कोरियाच्या खेळाडूला गप्प बस म्हणत होतो, असं त्याचं स्पष्टीकरण. सँतोसने मात्र ते दृश्य आपल्याला अजिबात आवडलं नाही असं जाहीर सांगितलं होतं. दुसरी पार्टी म्हणाली, ‘भावा, सदतीस वर्षांचा झालाय तो, पळतोय कुठं?’

मग पुरावे निघाले. स्पर्धेआधी ड्रेसिंग रूममध्ये ब्रुनो फर्नांडिस रोनाल्डोशी थंडपणे हात मिळवतो, तो व्हिडिओ. तेव्हा मँचेस्टर युनायटेडवर टीका करणारी रोनाल्डोची मुलाखत ताजी होती आणि ब्रुनो युनायटेडचाच, त्यामुळे सगळ्यांना भांडण दिसलं. पुढे झ्वाव मारियोने सांगितलं की ती थट्टा होती. ब्रुनो उशिरा पोचला म्हणून ‘बोटीने आलास का’ असं रोनाल्डोने विचारलं होतं. पण थट्टेचा व्हिडिओ कोण फॉरवर्ड करतं?

उरुग्वेविरुद्धचा तो गोलही निघालाच. ब्रुनोचा क्रॉस थेट जाळ्यात गेला आणि आपल्या डोक्याला लागून गेला म्हणून रोनाल्डो नाचला. या वर्ल्ड कपच्या बॉलमध्ये सेकंदाला ५०० वेळा नोंद घेणारा सेन्सर होता. त्यात रोनाल्डोचा स्पर्श सापडला नाही आणि गोल ब्रुनोच्या नावावर राहिला. इंजिनिअर म्हणून मला असला निकाल फार आवडतो. पण कोचने एखाद्याला का बसवलं, ते सांगणारा सेन्सर नाही. म्हणून आपण हातवारे वाचत बसतो.

त्या रात्री मी ग्रुपवर फारसं बोललो नाही. कारण महिनाभरापूर्वीच आमच्या कंपनीत पेमेंटचा मॉड्यूल एका सीनियर सरांकडून काढून माझ्याकडे देण्यात आला होता. तो त्यांनीच उभा केला होता. त्यांचं वय चव्वेचाळीस, माझं सव्वीस. मॅनेजरने मीटिंगमध्ये ‘फ्रेश पर्स्पेक्टिव्ह’ असे दोन शब्द वापरले आणि पुढची स्लाइड लावली. सर माझ्या समोरच्याच खुर्चीत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याबरोबर जेवायला येणं बंद केलं.

ग्रुपवर सगळे रोनाल्डोच्या किंवा सँतोसच्या जागी उभे होते. मी एकटा रामोस बघत होतो. ज्याने जागा मागितली नव्हती, पण जो आता ती सोडूही शकत नव्हता.

त्याने हॅटट्रिक केली, वर गरेरोला गोल करून दिला. पोर्तुगाल ६-१ जिंकलं. तरी मॅच चालू असताना स्टँडमधून ओरडा रोनाल्डोच्या नावाचा होत होता. चार दिवसांनी मोरोक्कोने त्यांना १-० हरवलं. रामोसला मध्येच काढलं, बदली आलेला रोनाल्डो शेवटी रडत आत गेला आणि हॅटट्रिक विसरली गेली. ‘बघा, सांगितलं होतं!’ ग्रुपवर पहिली पार्टी परत आली. माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे: सँतोसची निवड दोन्ही वेळा बरोबर होती. रामोस पळून बचावपटूंना ओढून न्यायचा आणि मागे जागा व्हायची. मोरोक्कोने ती जागाच दिली नाही, हा मोरोक्कोचा मोठेपणा.

टीममध्ये एकोपा हवा, तरच जिंकता येतं, हेही ग्रुपवरचं लाडकं मत. त्यावर आमच्यातल्या युनायटेडवाल्याने कोल आणि शेरिंगहॅम काढले. १९९५ साली वेम्बलीवर उरुग्वेविरुद्ध अँडी कोल इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळायला उतरत होता आणि टेडी शेरिंगहॅम बाहेर येत होता. शेरिंगहॅमने हात मिळवला नाही. हे कोलनेच सांगितलंय. दोन वर्षांनी दोघं युनायटेडमध्ये एकत्र आले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. तरीही १९९९ मध्ये युनायटेडने एकाच सीझनला लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग उचलली. बायर्नविरुद्धच्या फायनलला कोल सुरुवातीपासून होता, शेरिंगहॅम बेंचवर. जादा वेळेत बरोबरीचा गोल शेरिंगहॅमने केला आणि सोल्स्कियारच्या विजयी गोलआधीचं हेडरही त्याचंच.

आमच्या सरांशी माझं बोलणं कोड रिव्ह्यूपुरतं उरलं होतं. पण ते रिव्ह्यू! बँकेकडून टाइमआउट आला तर विनंती पुन्हा पाठवावी का, असं मी लिहून विचारलं. उत्तर आलं की आधी स्टेटस विचारा. उत्तर न येणं म्हणजे पैसे न कापले जाणं नव्हे, गिऱ्हाइकाचे दोनदा जातील. खाली दोन बँकांच्या खोडी, कुठल्या वेळेला काय करतात त्यासकट. त्यातलं एक अक्षरही डॉक्युमेंटमध्ये नव्हतं.

वर्षभराने त्यांनी नोकरी बदलली. शेवटच्या दिवशी मी माझ्या जागेवर होतो. ते बॅग घेऊन मागून गेले, थांबले नाहीत, मीही उठलो नाही. संध्याकाळी हँडओव्हरचा मेल आला. फाइल एकतीस पानांची होती, आणि पहिल्या पानावर मॉड्यूलचा मालक म्हणून त्यांनी स्वतः माझं नाव टाईप केलं होतं. आडनावाचं स्पेलिंग, जे ऑफिसात सगळे चुकवतात, बरोबर होतं.