बोलावलेलं पाणी

वेकसर्फिंगची बोट चांगली चालवायची तर आधी ती थोडी बुडवावी लागते. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांना मी हे सांगत नाही. सांगितलं तर निम्मे धक्क्यावरच थांबतील. पण खेळच तसा आहे. बोटीने उठवलेल्या लाटेवर, दोर सोडून देऊन, फळीवर उभं राहायचं तर लाटेला उंची हवी, आणि हलक्या बोटीमागे तशी लाट उठत नाही. बोट जितकं पाणी बाजूला सारेल तितकी लाट मोठी. म्हणून तळातल्या टाक्या आणि मागच्या कप्प्यांतल्या जाड पिशव्या तलावाच्याच पाण्याने भरायच्या. हे बॅलास्ट. साडेसातशे पौंडांची एक पिशवी भरली की सुमारे ३४० लिटर पाणी आत आलं, म्हणजे तेवढेच किलो. अशा तीन-चार पिशव्या, वर आठ-दहा माणसं, बर्फाचे डबे, आणि वेग ताशी जेमतेम १७-१८ किलोमीटर. या वेगाला बोट पाण्यावर चढत नाही, पाणी रेटत जाते. नाक वर, बूड खोल.

मी हे ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसवर करतो. टेक्सासच्या कोलोरॅडो नदीवर (ग्रँड कॅन्यनमधून वाहणारी ती वेगळी) मॅन्सफील्ड धरण बांधून झालेला हा जलाशय. लांबलचक, नागमोडी, आणि बऱ्याच ठिकाणी काठाला चुनखडीचे उभे कडे. उतरत्या वाळूवर लाट फुटते आणि संपते. उभ्या कड्यावर आपटलेली लाट परत येते. शनिवारी दुपारी गर्दी झाली की पाणी कुठल्याच एका दिशेने येत नाही.

माझी बोट जुन्या पिढीतली. २०१३च्या मॉडेलांपासून मालिबू आणि नॉटिक या कंपन्यांनी बोटीच्या मागच्या कडेला बटणावर बाहेर येणाऱ्या झडपा बसवल्या. एका बाजूची झडप पाणी अडवते आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ लाट उभी राहते. बोट मात्र सरळच चालते. तोपर्यंत लाट हवी त्या बाजूला बोट कलती करणं हाच उपाय होता. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांसाठी डावी बाजू भरायची, उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांसाठी उजवी, आणि माणसंही त्याच बाजूला बसवायची. मी अजून तेच करतो. त्यामुळे मागच्या कोपऱ्यात बोटीचा काठ आणि पाणी यांत अंतर फार राहत नाही. नव्या बोटीवाल्यांना हा कोपरा दिसतच नाही, म्हणून ते बेफिकीर असतात असं माझं मत आहे. त्यांची बोटही तेवढ्याच पाण्याने जड झालेली असते, फक्त सगळीकडून सारखी खाली गेलेली असते.

या खेळात बोटीत दोन प्रकारचं पाणी असतं. एक बोलावलेलं, पिशवीत कोंडलेलं. ते काठोकाठ भरलेलं असेल तर जागचं हलत नाही. ते निव्वळ ओझं. दुसरं आगंतुक, फरशीखाली मोकळं. हे ओझ्यापेक्षा वाईट, कारण ते चालतं. बोट डावीकडे कलली की ते डावीकडे जातं आणि बोट आणखी कलते. नाक खाली गेलं की पुढे धावतं आणि नाक आणखी खाली दाबतं. तीनशे लिटर पिशवीत असताना मी गाणी ऐकत असतो. तीनशे लिटर मोकळं असेल तर गाणी आधी बंद.

त्यात एक खोच आहे. फरशीखालचं पाणी उपसणारा बिल्ज पंप सहसा बोटीच्या मधोमध, सगळ्यांत खोलगट जागी बसवलेला असतो. बोट सरळ असेल तर पाणी त्याच्यापाशी येतं. कलत्या बोटीत ते लांबच्या कोपऱ्यात साचतं, पंपाच्या तरंगत्या स्विचला त्याचा पत्ताच लागत नाही, आणि समोरचा दिवा न लागल्याने चालकाला वाटतं सगळं कोरडं आहे. म्हणून मधूनमधून मी बोट थांबवून मंडळींना दुसऱ्या बाजूला सरकायला सांगतो. कुरकुर होते. पण त्या अर्ध्या मिनिटात पंप घरघरला, तर पाणी कुठे लपलं होतं ते समजतं. दर तासाला इंजिनाचं झाकण उघडून एकदा डोळ्यांनी पाहतोच. प्रोपेलरचा दांडा बोटीच्या तळातून बाहेर जातो तिथलं जुन्या पद्धतीचं पॅकिंग चालू बोटीत थेंब थेंब गळतं. ते गळायलाच हवं, त्याने दांडा थंड राहतो. थेंबांची धार झाली की मात्र नट आवळायची वेळ आली.

बॅलास्टची नळीयोजना ही माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित जागा. बोटीच्या तळाला भोक, त्यावर व्हॉल्व्ह, मग पंप, नळी, पिशवी, आणि पिशवीच्या वरच्या तोंडातून बोटीच्या कुशीत निघणारी दुसरी नळी. पिशवी भरली की या दुसऱ्या नळीतून पाणी बाहेर उडतं, ते पाहून पंप बंद करायचा. आता समजा पिशवीपाशी नळीचा सांधा निसटला. पंप इमानाने पाणी ओढत राहणार, फक्त ते पिशवीऐवजी फरशीखाली जाणार. थोड्या वेळाने बिल्ज पंप जागा होणार आणि तेच पाणी कुशीतल्या एका भोकातून बाहेर फेकणार. चालक बाहेर वाकून बघतो, पाणी उडतंय, म्हणतो झाली पिशवी फुल्ल. आपलाच पंप आपल्या बोटीत तलाव ओतत असतो आणि आपण समाधानी! म्हणून कुठलं भोक कशाचं, हे पाठ असायला हवं. मी बिल्जच्या भोकाभोवती लाल रंगाचं कडं काढलंय. त्यातून पाणी येताना दिसलं, की ते का येतंय हे कळेपर्यंत बॅलास्ट भरणं थांबतं.

कलत्या बोटीत आणखी एक गंमत होते. कुशीतलं ते बिल्जचं भोक खालच्या बाजूला असेल तर पाण्याखाली जातं, आणि ज्या वाटेने पाणी बाहेर जायचं त्याच वाटेने आत यायला लागतं. शिवाय काही पंप बंद असतानाही पाणी अडवत नाहीत; बोट पुढे चालली की तळाच्या भोकातून पाणी त्यांच्यातून सरळ वर ढकललं जातं. रबरी पात्यांचा पंप बंद असताना वाट बरीचशी अडवून धरतो, पण पाती झिजली की तोही सैल पडतो. पिशवी भरली की व्हॉल्व्ह हाताने बंद करणं हा यावरचा कंटाळवाणा आणि खात्रीचा इलाज.

पण ही सगळी हळू येणारी पाण्याची रूपं. बोटीला खरा धोका असतो तो सर्फर पडल्यानंतरच्या दहा-पंधरा सेकंदांत. कुणी पडलं की नवखा चालक घाबरतो, थ्रॉटल झटकन मागे ओढतो आणि चाक गरकन फिरवतो. बोट एकदम बसते. तिचीच मागची लाट तिला गाठते, बूड उचलते आणि नाक खाली घालते. तेवढ्यात वळणाने ती स्वतःच्याच लाटांच्या रांगेसमोर आलेली असते. पहिल्या लाटेवरून नाक उतरतं ते थेट दुसरीच्या पोटात. पुढे बसायची उघडी जागा असते, तिच्यात हिरवं पाणी येतं. असं पाचशे लिटर आत आलं असं धरू. ताशी १,१०० गॅलनचा पंप म्हणजे मिनिटाला सुमारे ७० लिटर, तेही डब्यावर छापलेल्या हिशेबाने. नळीचा चढ आणि वळणं धरली तर त्याहून कमी. दोन-तीन सेकंदांत आलेलं पाणी काढायला सात मिनिटं, आणि पुढची लाट त्या आधीच हजर. म्हणून कुणी मला म्हणालं की मी दुसरा पंप बसवलाय, आता काळजी नाही, तर मी त्याच्या बोटीत पुढे बसत नाही.

माझी रीत अशी. सर्फर पडला की थ्रॉटल हळूहळू कमी करायचा, बोट सरळ ठेवायची, आपली लाट खालून पुढे निघून जाऊ द्यायची. मग इंजिन सगळ्यांत कमी वेगावर ठेवून, रेंगाळत वळायचं. पाण्यातल्या माणसाच्या अंगात लाइफ जॅकेट आहे, तो पाच सेकंद जास्त तरंगला तर काही बिघडत नाही. लाटा समोर आल्याच तर तिरपं घ्यायचं, आणि लाट नाकाशी पोचायच्या आत किंचित थ्रॉटल द्यायचा म्हणजे नाक उचललं जातं. लाटेवर असताना थ्रॉटल कमी करणं हाच घात. पाणी आत आलंच तरी हात मागे जाता कामा नये. बोट हळूच पुढे काढायची, नाक वर आलं की पाणी आपोआप मागे, पंपाकडे वाहतं. पुढच्या मंडळींनी मागे यायचं, पण एकेकाने आणि मधून, सगळ्यांनी खालच्या बाजूला नव्हे. रिव्हर्सचं तर नावच काढायचं नाही.

लाटा फक्त आपल्याच नसतात. ५ सप्टेंबर २०२० रोजी याच तलावावर निवडणुकीच्या प्रचाराची बोटींची मिरवणूक निघाली होती. वादळ नव्हतं. इतक्या बोटी एकमेकींना खेटून हळू चालल्या की त्यांच्या लाटा एकमेकींत मिसळून पाणी खवळलं, आणि काही बोटी बुडाल्या. हळू चालणारी जड बोट मोठी लाट करते, हे वेकसर्फिंगवाल्यांना ठाऊक असतं. त्या दिवशी ते सगळ्यांनाच कळलं. अशा दिवशी मी बॅलास्ट भरतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात दापोलीकडचे मामा आले होते. लहानपण हर्णैला, मासेमारीच्या होड्यांत गेलेलं. मी पंप सुरू करून पिशव्या भरत होतो आणि ते हाताची घडी घालून बघत होते. मला वाटलं, विचारतील की चांगल्या बोटीत पाणी कशाला भरतोस. ते त्यांनी विचारलंच नाही. पुढे नाकात चार पोरं पाय सोडून बसली होती, तिकडे बोट दाखवून म्हणाले, "वजन मागे घातलंस ते कळलं. मग पुढे ही पोरं कशाला?"

"मामा, त्यांना पुढे मजा येते."

"येणारच. पोरांनो, मागे या रे, तांडेलाला पुढचं दिसू दे." पोरं निमूट मागे आली, माझं कधी ऐकत नाहीत. मग मला हळूच, "पंप गेला तर उपसायला काय ठेवलंयस?" मी सीटखालची बादली दाखवली. त्यांनी ती उचलून बघितली, कडी हलवून बघितली आणि म्हणाले, "एकच?" आता दोन आहेत.

दिवस संपल्यावर बोलावलेल्या पाण्याला निरोप द्यायचा असतो, आणि तो वाटतो तितका सोपा नसतो. ट्रॅव्हिसमध्ये २०१७ साली झेब्रा शिंपले सापडले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि पिशवीतल्या पाण्यात मजेत जगतात, म्हणून टेक्सासमध्ये सार्वजनिक तलावातून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढणं कायद्याने सक्तीचं आहे. पंप कितीही चालवला तरी पिशवीच्या दुमडीत थोडं राहतंच. मग उतारावर ट्रेलर नाक वर करून उभा करायचा, पिशव्या हाताने गुंडाळत पिळायच्या, आणि बोटीच्या बुडाचं पितळी बूच काढायचं. ते बूच लाल दोरीने इंजिनाच्या किल्लीला बांधलेलं असतं. पुढच्या वेळी किल्ली हातात घेतली की आधी बूच हाताला लागतं. ते बसवून झाल्याशिवाय बोट पाण्यात जात नाही.