नाल्यातला प्रबंध

संशोधन म्हणजे कपाटातला जाड प्रबंध, असेच आम्हा शिरपूरकरांना वाटे. 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी तालुक्यातले नाले रुंद-खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले. इथे संशोधन जमिनीतच उभे राहिले. कुणीही यावे, पाहावे. पण पाहुणे विचारतात, ‘‘एवढे खोल का खणले?’’ तेव्हा नुसते पाहणे पुरत नाही. तापीकाठच्या गाळात पिवळ्या मातीचा थर पाणी मुरू देत नाही. काळ्या खडकाचे गणित निराळे. ते न समजता दुसऱ्या गावाने जेसीबी लावला, तर पैसा जातो, खड्डा उरतो. म्हणून प्रत्येक बंधाऱ्याशेजारी थरांचे चित्र, खोली आणि विहिरींच्या पातळीची नोंद सोप्या मराठीत लावावी, असे आम्हांला वाटते. वाचता न येणाऱ्याला शेजारचे पोर अहिराणीत समजावून सांगेल.