मुलीच्या शाळेसाठी गाव निवडताना

नेपरव्हिल, फेब्रुवारी

चि. सोनूस,


तू पाठवलेली एक्सेलची फाइल निवांत बसून वाचली. प्रत्येक उपनगरापुढे शाळेचे दहापैकी गुण, घराची किंमत, शिकागोच्या मध्यभागापर्यंत, म्हणजे लूपपर्यंत लागणारा वेळ आणि शेवटच्या रकान्यात ‘डायव्हर्सिटी’ची टक्केवारी. बेरजेत नेपरव्हिल पहिलं आणि ओक पार्क चौथं आलंय. तरीही तू विचारतेस, “मावशी, तुला काय वाटतं?” म्हणजे त्या बेरजेवर तुझाही पुरता विश्वास बसलेला नाही. मला वाटतं ते सरळ सांगते: तुम्हा तिघांसाठी ओक पार्क. मी इतकी वर्षं नेपरव्हिलमध्ये राहते, माझी दोन्ही मुलं इथेच शिकली, आम्ही सुखात आहोत. इथे काही बिनसलं म्हणून तुला दुसरीकडे धाडत नाहीये. तुमच्या घराची घडी वेगळी आहे, ती पाहून सांगतेय.

आधी शाळेचे गुण, कारण तुझा सगळा जीव त्या रकान्यात अडकलाय. हे गुण मुख्यतः परीक्षेच्या निकालांवरून काढतात, आणि निकालाचं नातं सगळ्यात घट्ट असतं ते घरच्या कमाईशी आणि आईवडिलांच्या शिक्षणाशी. आई डॉक्टर, बाबा इंजिनिअर असलेलं मूल शाळेच्या दारात येतं तेव्हाच त्याला बहुधा वाचता येत असतं. शाळेने त्यात काय भर घातली, ते त्या आठ-नऊच्या आकड्यात नीट दिसत नाही. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या सरकारी शाळांचे निकाल एकत्र करून नेमका हा फरक वेगळा काढला. मुलं कुठल्या पातळीवर आहेत हे एक, आणि दर वर्षी किती पुढे सरकतात हे दुसरं. २०१७ साली त्यांनी शिकागो शहराच्या शाळांचे आकडे मांडले. तिसरी ते आठवी या पाच वर्षांत तिथली मुलं सरासरीने सहा वर्षांचं शिकत होती. ज्या शाळांच्या धास्तीने लोक शहर सोडतात त्या शाळांबद्दल हे लिहिलंय, म्हणून ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा तो रकाना पुसू नकोस, पण त्याला एकट्याला सोडू नकोस. ‘इलिनॉय रिपोर्ट कार्ड’वर प्रत्येक सरकारी शाळेचं स्वतंत्र पान आहे. तिथून तीन गोष्टी उतरवून घे: मुलांची वर्षभरातली प्रगती, सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण, आणि शिक्षक टिकतात का. गुण कितीही असोत, दर वर्षी शिक्षक बदलणाऱ्या शाळेत मी नातीला घालणार नाही. आणखी एक. पत्त्यात नेपरव्हिल आहे म्हणजे शाळा ठरली असं नाही. निम्मं गाव २०३ क्रमांकाच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, पश्चिम आणि दक्षिणेचा बराच भाग २०४ मध्ये, आणि दक्षिणेच्या टोकाची काही घरं तर प्लेनफिल्डच्या २०२ मध्ये जातात. घर आवडायच्या आत डिस्ट्रिक्टचा नंबर विचार.

टॅक्सचं थोडक्यात. या राज्यात शाळा मुख्यतः घरपट्टीवर चालतात. पाच लाखांच्या घराला वर्षाला दहा हजार डॉलर सहज लागतात, ओक पार्कमध्ये त्याहूनही बरेच जास्त. श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत राहते ती अशी. ही पद्धत मला मुळातूनच अन्यायाची वाटते, पण घर घेताना तिला वगळून चालत नाही.

आता ‘डायव्हर्सिटी’. तुझ्या फाइलमध्ये दोन्ही गावांचा आकडा जवळजवळ सारखा दिसतो, आणि घोळ तिथेच आहे. नेपरव्हिलमध्ये पाचातला एक माणूस आशियाई आहे, त्यातले पुष्कळ आपण भारतीय, आणि कृष्णवर्णीय फारच थोडे. ओक पार्कमध्ये पाचातला जवळजवळ एक कृष्णवर्णीय, आणि आपण अगदी थोडे. टक्केवारी सारखी असली तरी ही दोन अगदी निराळी गावं आहेत.

ओक पार्क असं आपोआप झालेलं नाही. पर्सी ज्युलियन हे फार मोठे कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ, सोयाबीनपासून कॉर्टिसोन स्वस्तात तयार होण्याची वाट त्यांनी मोकळी केली. १९५० साली त्यांनी तिथे घर घेतलं, तर राहायला जाण्याआधीच कुणीतरी ते पेटवायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी मुलं घरात असताना डायनामाइट फेकलं. कुटुंब हललं नाही, आणि गावातली काही माणसं त्यांच्या बाजूने उभी राहिली. पुढे साठीच्या दशकात शेजारच्या, शिकागो शहरातल्या ऑस्टिन वस्तीत दलालांनी गोऱ्या कुटुंबांना “ते येताहेत, भाव पडतील” अशी भीती घालून घरं पडेल भावात विकायला लावली, आणि तीच घरं कृष्णवर्णीयांना चढ्या भावाने विकली. बघता बघता अख्खी वस्ती पालटली. ऑस्टिन आणि ओक पार्कमध्ये अंतर फक्त एका रस्त्याचं, ऑस्टिन बुलेव्हार्डचं. तरी ओक पार्कने १९६८ च्या मे महिन्यात घरांच्या व्यवहारात भेदभाव बंद करणारा स्थानिक कायदा केला. घरासमोर ‘विकणे आहे’च्या पाट्या लावू नयेत असा पायंडा पाडला, म्हणजे एकाची पाटी बघून दुसरा घाबरायला नको. १९७२ साली रॉबर्टा रेमंड यांनी हाउसिंग सेंटर काढलं. भाड्याने घर शोधणारा गोरा आला की त्याला ऑस्टिनच्या बाजूची घरं दाखवायची, कृष्णवर्णीय आला की गावभरची. यावर टीकाही झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. कुणी कुठे राहावं हे सुचवणारे तुम्ही कोण, हा प्रश्न रास्तच आहे. पण सगळीकडे लोक पळत सुटले असताना एका गावाने बसून ठरवलं की आपण पळायचं नाही, आणि ते पन्नास वर्षं निभावलं. याचं मोल तुझ्या शेवटच्या रकान्यात कसं मांडणार? त्याच ज्युलियन यांच्या नावाची मिडल स्कूल आज तिथे आहे. तुझी मुलगी पाचवीनंतर कदाचित तिथेच जाईल.

एवढं असूनही तिथल्या शाळेबद्दल डोळे मिटून बोलणार नाही. हायस्कूल एकच, ओक पार्क आणि रिव्हर फॉरेस्टचं मिळून. स्टीव्ह जेम्स यांनी एक शाळावर्षभर तिथे चित्रीकरण करून ‘अमेरिका टू मी’ ही मालिका काढली, ती २०१८ मध्ये आली. सवड काढून बघ. इमारत एक, दरवाजा एक, पण आत ऑनर्सच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या वर्गात बहुतेक गोरी मुलं आणि साध्या वर्गात बहुतेक कृष्णवर्णीय. त्यानंतर शाळेने नववीतले बरेचसे वेगळे स्तर मोडून मुलांना एकत्र बसवायला घेतलं, त्यावरही गावात जोराचे वाद झाले. शाळा बघायला जाशील तेव्हा अख्ख्या शाळेची टक्केवारी विचारू नकोस. गणिताच्या वरच्या वर्गात कोण बसतं, आणि डबा खाताना कोण कुणाशेजारी बसतं, ते बघ.

दलाल बाईंना “वस्ती कशी आहे?” विचारलंस आणि त्यांनी विषय बदलला, म्हणून तुला राग आला ना? तो रास्त नाही. वंश, धर्म, देश यांवरून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवायचं किंवा तिथून परतवायचं, याला इथे १९६८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, म्हणून जपून असणारे दलाल तेवढ्यापुरते तोंड उघडत नाहीत. पुण्यात तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला फ्लॅट मिळेना तेव्हा आडनाव ऐकल्याबरोबर घरमालकांचा सूर कसा बदलायचा, ते तूच मला फोनवर रडत सांगितलं होतंस. मुंबईत मासे शिजवतात म्हणून घर नाकारलेली माणसं आपल्या नात्यात आहेत. मग इथे आल्यावर तोच प्रश्न आपण ‘चांगली वस्ती’ असं म्हणून का विचारावा? बाईंना शाळा, पूर, टॅक्स, ट्रेन यांबद्दल विचार. बाकीचं पायी फिरून बघ.

नेपरव्हिलचं सुख मी नाकारत नाही. इथल्या वर्गात तुझ्या लेकीचं नाव कुणी चुकीचं उच्चारणार नाही. पटेल ब्रदर्सचं दुकान जवळ, ऑरोराचं बालाजी मंदिर जवळ, गणपतीत आरतीला चाळीस माणसं सहज जमतात. परक्या देशात याने किती बळ येतं ते मी अनुभवलंय. पण याच सुखाला दुसरी बाजू आहे. आठवीतल्या मुलांना कोण कुठल्या गणिताच्या क्लासला जातं आणि कुणाच्या भावाला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला हे तोंडपाठ असतं. पुष्कळ मुलांच्या छातीवर त्याचं ओझं असतं, हे मी जवळून पाहिलंय. आणि अमेरिकेतला सगळ्यात जुना, सगळ्यात दुखरा वर्णभेदाचा प्रश्न माझ्या मुलांना पुस्तकातच भेटला. शेजारच्या बाकावर बसलेल्या मित्राच्या घरून तो त्यांच्यापर्यंत आला असता, तर त्यांना हा देश लवकर कळला असता. आरतीसाठी तुम्ही गाडी काढून आमच्याकडे येऊ शकता, रविवारच्या मराठी शाळेलाही येऊ शकता. रोजचा शेजार मात्र असा गाडीत घालून आणता येत नाही.

वस्तीच्या दाटपणाचा रकाना तू केलाच नाहीस, म्हणून मी करते. नेपरव्हिल साधारण चाळीस चौरस मैलांत पसरलंय आणि माणसं दीड लाख. ओक पार्क पाच चौरस मैलांहून लहान, आणि माणसं चोपन्न हजारांवर. म्हणजे तिथे तिपटीने दाटी. ‘दाटी’ म्हटलं की तुला गैरसोय आठवत असेल, म्हणून या दाटीचा उपयोग कुणाला होतो ते सांगते. तुझे सासू-सासरे दर उन्हाळ्यात साताऱ्याहून येतात, दोघांनाही इथे गाडी चालवता येत नाही. आमच्या सबडिव्हिजनमध्ये अशी कितीतरी आजोबा मंडळी मी रोज पाहते. सकाळी चालायला निघतात, वळसे घेत जाणाऱ्या रस्त्याने फिरून पुन्हा त्याच गराजसमोर येतात. चालायला पदपथ आहे, पण पदपथ संपतो तिथे ना दुकान, ना वाचनालय, ना चहा. मुलगा संध्याकाळी कामावरून येईपर्यंत घर आणि ड्राइव्हवे एवढंच जग. ओक पार्कमध्ये लेक स्ट्रीटवर वाचनालय आहे, शेजारी बाग आहे, वाटेत भाजीही मिळते. तुझे सासरे तिथे दहा दिवसांत चार माणसं ओळखीची करतील, मी त्यांना ओळखते.

आणि तुमचं दोघांचं. तुझं हॉस्पिटल शिकागोच्या मेडिकल डिस्ट्रिक्टमध्ये आहे. ओक पार्कहून ब्लू लाइन गाडी न बदलता तुला तिथे उतरवते. तुझ्या नवऱ्याला लूपमध्ये जायला ग्रीन लाइन आहे. इथून निघालीस तर आधी गाडीने स्टेशन, तिथे पार्किंग, मग पाऊण तासाच्या आसपास मेट्राची लोकल, मग आणखी एक गाडी. जानेवारीत शाळेतून “मुलीला ताप आहे, घेऊन जा” असा फोन आला की हे अंतर काय असतं ते कळतं. ओक पार्कमध्ये प्राथमिक शाळा आठ, त्यामुळे पुष्कळ मुलं चालत जातात. दुसरी-तिसरीत गेल्यावर तुझी लेक मैत्रिणीचा हात धरून, मोठं कुणी बरोबर नसताना, चालत शाळेत जाईल. इथे तिला मैत्रिणीकडे खेळायला सोडायचं तरी तुला गाडीची किल्ली घ्यावी लागेल.

तिथल्या त्रासाचंही ऐकून ठेव. घरं जुनी, पुष्कळशी शंभरीच्या आसपासची. पाण्याचा मुख्य नळ शिशाचा आहे का, हे आधी विचारून घे, लहान मूल आहे घरात. तळघरात पाणी शिरतं का ते शेजाऱ्याला विचार, घरमालक सगळं सांगेलच असं नाही. रात्री रस्त्यावर गाडी लावायचे नियम कडक आहेत. खोल्या लहान असतील, गराज एकाच गाडीचं आणि गल्लीतून मागच्या बाजूने आत शिरायचं असेल. इथे त्याच पैशांत मोठं घर मिळेल हे खरंच आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत पाच पूर्ण होताहेत, म्हणजे लेक यंदाच केजीत जाणार. हातात वेळ थोडा आहे. एक वर्ष ओक पार्कमध्ये भाड्याने राहून बघा, विकत घ्यायची घाई करू नका. पुढच्या आठवड्यात एखाद्या दिवशी दुपारी शाळा सुटायच्या वेळी तिकडे जा. बर्फ असला तर उत्तमच, पदपथ कोण साफ करतं आणि मुलं तरीही चालत येतात का ते दिसेल. मीही येते बरोबर. आणि पुढे घर पसंत पडलं तर ऑफर देण्याआधी गेल्या वर्षीचं टॅक्सचं बिल मागून घे आणि मला पाठव, काका ते बघून सांगतील.

लेकीला गोड पापा. तुझ्या सासूबाईंना नमस्कार कळव.

तुझी,
मावशी