महाडची पिठी, नागपूरची रोटी, मावशीचा येसूर

आमची मोठी मुलगी पुण्यात नोकरीला आहे. मागे एकदा तिच्या कचेरीत सर्वांनी आपापल्या घरचा खास पदार्थ करून आणायचा, असे ठरले. कुणी पुरणपोळी आणली, कुणी उकडीचे मोदक, कुणी बिसीबेळे भात. आमच्या लेकीने काय न्यावे? पावभाजी! रात्री फोनवर म्हणाली, "आई, आपल्या घरचं खास काय, ते मला सुचलंच नाही गं."

मी हसून वेळ मारून नेली. पण भगिनींनो, खरे सांगायचे तर मलाही सुचले नसते. अंबरनाथला संसार थाटल्यापासून मी शेजारणींचे ढोकळे शिकले, इडल्या शिकले, केकसुद्धा शिकले. आईच्या हातचे मात्र काहीच लिहून ठेवले नाही. ते लिहिण्यासारखे असते असे मला कधी वाटलेच नाही. लेकीचे बोलणे मनाला लागले. मी एक शंभर पानी वही घेतली आणि ठरवले की २०२५ या वर्षात जिथे जिथे जाणे होईल, तिथल्या चुलीपाशी बसायचे आणि विचारून लिहून घ्यायचे.

पहिले जाणे झाले ते महाडला, २० मार्चला. माझी धाकटी नणंद तिकडे दिलेली आहे. पनवेलहून एस.टी.ने गेले. चवदार तळ्यावर त्या दिवशी गर्दी असते. पायऱ्या उतरून पाण्याला हात लावायचा, तोंडावर फिरवायचा आणि बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून वर यायचे. १९२७ सालच्या त्या सत्याग्रहाचा इतिहास आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. पण वही हातात असल्यामुळे या वेळी माझे लक्ष त्यातल्या जेवणाकडे गेले. परिषदेला आलेल्या आपल्या माणसांसाठी गावातले पाणी मिळेना, म्हणून चाळीस रुपये मोजून पाणी विकत घ्यावे लागले होते. त्या काळचे चाळीस रुपये! आणि तळ्यावरून परतल्यावर मंडपात जेवणाची तयारी चालली असता गावगुंडांनी हल्ला केला, माणसांना मारले आणि शिजलेले अन्न मातीत मिसळले. पुढे तळ्याची 'शुद्धी' करायला एकशे आठ घागरी दूध, दही, शेण, गोमूत्र ओतले ते वेगळेच. एवढ्या माणसांचे अन्न रांधणाऱ्या हातांना ते मातीत पडलेले पाहून काय वाटले असेल, हा विचार त्या पायऱ्यांवर बराच वेळ मनात राहिला.

नणंदेच्या घरी दुपारी कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी आणि सुकट असे जेवण होते. मी वही काढली तशी ती हसायला लागली. "वहिनी, पिठी काय लिहायची? ती तर आजाऱ्याला पण देतात." तरी लिहिली. कुळीथ भाजून, भरडून, पाखडून त्याचे पीठ दळून ठेवायचे. चार माणसांना चार मोठे चमचे पीठ पुरते. तेलात सात-आठ पाकळ्या लसूण ठेचून लाल करायचा, कांदा आणि मिरची परतायची, तांब्याभर पाणी घालून उकळी आणायची. पीठ आधी गार पाण्यात कालवून मगच ओतायचे. कोरडे टाकले की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. शेवटी दोन आमसुले. वाटीत घेऊन प्यावी इतकी ती पातळ हवी. माझी नणंद कधी कधी त्यातच मूठभर धुतलेली सुकट टाकते. तशीही मी खाल्ली आणि तशीच जास्त आवडली. लेकीला ती कळवली तर तिचे उत्तर आले, "घरमालकीण बाई सुकटीचा वास खपवून घेत नाहीत." तेव्हा वहीत मी दोन्ही प्रकार लिहिले, एक मालकिणीसाठी आणि एक आपल्यासाठी!

बुद्ध पौर्णिमेला कुठे गेले नाही. विहारात खीरदान होते आणि खीर करायचे माझ्याकडे होते. सुजाताने तथागतांना दिलेल्या खिरीची आठवण म्हणून आपण ही खीर करतो, पण आमची दर दोन-तीन वर्षांनी एकदा हमखास फाटते. या वर्षी एका वयस्क उपासिकेने कारण दाखवून दिले. आम्ही उकळत्या दुधात गूळ टाकत होतो. तांदूळ दुधात पुरता शिजला की पातेले उतरवायचे, हात लावता येईल इतके निवू द्यायचे आणि मगच किसलेला गूळ ढवळायचा. एवढीच गोष्ट, पण पस्तीस लिटर दूध वाचले. ती एका ओळीत लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या.

ऑक्टोबरात नागपूर. २०२५ मध्ये विजयादशमी २ ऑक्टोबरला आली होती. दीक्षाभूमीवर जाण्याची माझी ही चौथी खेप. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, तिथला तो स्तूप दुरून दिसला की पाय आपोआप भरभर पडतात. आसपासच्या रस्त्यांवर जागोजागी अन्नदान चाललेले असते. कुठे पुरी-भाजी, कुठे मसालेभात, कुठे नुसते पाणी आणि हातात ठेवलेले एक केळे. कोण कुठला, हे कुणी विचारत नाही. मी तीन ठिकाणी खाल्ले आणि तिन्ही ठिकाणी "आणखी घ्या" म्हणून आग्रह झाला.

उतरले होते इंदोऱ्यात, ओळखीच्या एका कुटुंबाकडे. त्यांच्या घरी त्या दिवशी मटण नव्हते, पाटवडीचा रस्सा होता आणि त्याच्याबरोबर मडक्यावरची लांब रोटी. ही रोटी मी पूर्वी खाल्ली होती, होताना पाहिली नव्हती. अंगणात तीन दगडांवर मोठे मडके पालथे घातलेले, खाली लाकडाचा जाळ. घरातल्या आजी पाटावर बसलेल्या. कणीक म्हणावी तर ती कणीक नव्हेच, इतकी सैल! बारीक चाळलेल्या पिठात मीठ घालून ती आधी नेहमीसारखी भिजवतात, मग पाण्याचा हात लावत लावत आपटत राहतात. हाताला तार सुटू लागली की झाकून ठेवायची. मग ओल्या हातावर गोळा घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर असा झेलत राहायचा. प्रत्येक वेळी तो पसरतो, लोंबतो, कोपरापर्यंत येतो. लाटणे नाही, पोळपाट नाही. शेवटी ते सारे ओढणीसारखे मडक्यावर टाकायचे. मिनिटभरात रोटी सुटते आणि घडी घालून टोपलीत जाते.

मीही हात धुऊन बसले. पहिली रोटी हातातच फाटली. दुसरी मडक्याऐवजी निम्मी जाळात गेली. आजी म्हणाल्या, "हात कायले आखडता, बाई? कणकीले भ्याचं नाही." तिसऱ्या खेपेला रोटी मडक्यावर पडली खरी, पण तिला भोके इतकी की घरातली मुले तिच्यातून एकमेकांकडे डोकावून पाहू लागली! आजींचे दंड पाहिले. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक डाग, काही फार जुने. तरुण वयात त्या लग्नकार्यांत मजुरीवर रोट्या करायला जात. सकाळी बसले की रात्रीपर्यंत. वहीत मी पिठाचे प्रमाण लिहिले, पाणी किती ते लिहिले. पण ती रोटी वहीतून शिकता येणार नाही. ज्यांच्या घरी अजून कुणी करणारे असेल त्यांनी शेजारी बसून घ्यावे.

आता मावशीकडे वळते, कारण वहीची निम्मी पाने तिनेच भरली आहेत.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही शिवाजी पार्कच्या मैदानात टेकलो होतो. तिथे मावशीच्या गावची मंडळी भेटली. धाराशिव जिल्ह्यातले, कळंबच्या बाजूचे गाव. फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा. तीन दिवसांची शिदोरी होती. त्यांनी आग्रहच केला आणि मी तशीच त्यांच्याबरोबर लातूरच्या गाडीत बसले. बार्शीला उतरून पुढे एस.टी. धरली. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी उभी होती.

मावशीचे वय ऐंशीच्या पुढे. घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली निळी चादर घातलेली खाट. मी वही काढल्यावर म्हणाली, "आगं, ते काय लिवायचं असतंय व्हय? हात सांगतोय किती घालायचं ते." तरी दोन दिवसांत तिने सांगितले ते असे.

अंबाडीची भाजी: पाला शिजवून त्याचे आंबट पाणी पिळून टाकायचे, मूठभर ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटायची, वरून लसणाची चरचरीत फोडणी. नुसत्या कण्या शिजवून ताकात खायच्या, हे वेगळे. पाथरी, घोळ, तांदूळजा, तरवटा या रानभाज्या; त्यातल्या तरवट्याचा फक्त कोवळा पाला घ्यायचा, जून झाला की कडवटतो.

आणि येसूर. दोन ओंजळी बाजरी, एक ओंजळ हरभऱ्याची डाळ, अर्धी गहू, मूठभर तांदूळ, हे सगळे वेगवेगळे, मंद जाळावर तांबूस भाजायचे. एकत्र भाजले तर तांदूळ जळतो आणि बाजरी कच्ची राहते. मग धणे, जिरे, सुके खोबरे, लाल मिरच्या, मिरे, लवंग, तमालपत्र, दगडफूल थेंबभर तेलात भाजून, हळद घालून सारे एकत्र दळायचे. खरे तर हे उन्हाळ्यात करून ठेवायचे काम, पण माझ्यासाठी तिने डिसेंबरात घातले. आमटीला किंवा मटणाच्या रश्श्याला दोन चमचे येसूर पाण्यात कालवून लावला की रस्सा दाटही होतो आणि चवीलाही येतो. "खाणारी बारा आन् मटान पावशेर," मावशी म्हणाली, "मग रश्श्यानंच पोट भरायचं की."

दुसऱ्या रात्री मी विचारले, "मावशी, चान्या कशा करायच्या गं?" लेकीने शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ साली आलेले पुस्तक वाचले होते आणि चान्यांचे तेवढे नक्की विचारून ये, असे मला बजावले होते. मांसाच्या लांब पट्ट्या दोरीवर उन्हात वाळवून मडक्यात भरून ठेवायच्या, एवढे मलाही आठवत होते.

मावशी गप्प झाली. मग म्हणाली, "ते नको लिवू."

तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची गोष्ट तिने तेव्हा सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. दीक्षेनंतरच्या वर्षी वस्तीने मेलेली ढोरे ओढायचे बंद केले. मृत मांस खाऊ नका, हे बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेतच सांगितले होते, पण ते या गावापर्यंत पोचून अंगी लागायला तीस वर्षे गेली. महारकीची कामे सोडली म्हणून गावाने बलुते बंद केले, मजुरी बंद केली, दुकानातून मीठ मिळेना. मावशी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. त्या पावसाळ्यात घरात तरवटा आणि कण्या, कण्या आणि तरवटा. धाकटा भाऊ भुकेने रडे. अडगळीत चान्यांचे एक मडके शिल्लक होते. आजीने ते काढले, तर आजोबांनी उचलून ओढ्यात नेऊन रिकामे केले. त्यावर आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. "माय बी खरी हुती आन् बाप बी खरा हुता," मावशी म्हणाली. "पर बापानं उपाशी राहून सोडलं, ते तू वहीत घालतीस व्हय?"

मी लेकीला फोनवर हे सांगितले. तिचे म्हणणे निराळे. "आई, आपण ते का खाल्लं, कुणामुळे खाल्लं, हे आपणच लिहिलं नाही तर दुसरे लिहितील. लाज त्यांना वाटायला हवी." तिचेही मला खोटे वाटले नाही. रात्रभर मी दोघींच्या मध्ये होते. सकाळी वहीचे एक पान घेतले, वर 'चान्या' असे लिहिले आणि खाली आजोबांनी मडके रिकामे केले ती हकीकत, मावशीच्या शब्दांत, जशीच्या तशी उतरवली. कृती लिहिली नाही. मावशीला ते वाचून दाखवले. तिने माझ्याकडून आजीचे नाव त्यात घालून घेतले आणि चुलीकडे गेली.

येसुराचा डबा मी अंबरनाथला आणला, त्यातला निम्मा पुण्याला दिला. नवीन वर्षात त्यांच्या कचेरीत पुन्हा तसेच जेवण झाले, तेव्हा लेकीने येसुराची आमटी आणि बाजरीची भाकरी नेली. पातेले घासल्यासारखे परत आले म्हणे. एका सहकारी मुलीने कृती मागितली.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "आई, येसूर संपला. दगडफूल किती घालायचं ते वहीत नाही." पाहिले तर खरेच नव्हते. मावशीला विचारले. ती म्हणाली, "वास येस्तवर." आता उन्हे कडक झाली की लेकीला सुटी काढायला सांगून दोघी कळंबच्या गाडीत बसणार आहोत.