पैसे नाहीत म्हणून राहिलेलं

पुठ्ठ्याचं तिकीट. जाड, बोटभर लांबीचं, कडा हाताळून मऊ पडलेल्या. खिडकीतला कारकून ते कप्प्यातून ओढतो, लोखंडी यंत्राच्या फटीत सरकवतो, खट्ट होतं, तारीख उठते. उतरल्यावर फाटकावरचा माणूस ते काढून घेतो, त्यामुळे वहीत चिकटवायलाही उरत नाही. मुंबईच्या लोकलला असलीच तिकिटं होती. संगणक आले आणि ती गेली. श्रीलंकेत ती बरीच जास्त वर्षं टिकली. आता तिथेही फोनवरची तिकिटं येताहेत.

श्रीलंकेत काय जाईल आणि काय राहील, ते वस्तूच्या वयावर ठरत नाही. ज्याच्यासाठी कुठून तरी पैसा आला ते बदललं. बाकीचं डागडुजी करत चालू आहे.

टॅब्लेट. गोळीही नव्हे आणि पडद्याचं यंत्रही नव्हे, धातूची चकती. कँडीकडून बदुल्लाकडे चढणारा रूळ एकेरी आहे. रूळ पुरा व्हायला १९२४ उजाडलं. वाटेतलं पट्टिपोला स्थानक जवळपास १,९०० मीटरवर आहे. दोन स्थानकांमधल्या टप्प्यासाठी यंत्रातून एका वेळी एकच चकती निघते. ती इंजिनात नसेल तर गाडी पुढे नेता येत नाही. चकती चामडी थैलीत, थैली मोठ्या कड्याला. न थांबणारी गाडी फलाटालगत वेग कमी करते, इंजिनातला माणूस बाहेर वाकतो, जुनं कडं सोडतो आणि नवं दंडात अडकवून घेतो. मागच्या डब्यांच्या दारांत लटकून पर्यटक चहाच्या मळ्यांचे आणि मुख्यतः स्वतःचे फोटो काढत असतात. बघण्यासारखं काम पुढे चाललेलं असतं.

कॅनडाची इंजिनं. पन्नाशीच्या दशकात कोलंबो योजनेतून मिळालेली. नावंही तिथल्या प्रांतांची. त्यांतलं ५९१ क्रमांकाचं ‘मॅनिटोबा’ २६ डिसेंबर २००४ रोजी पेरेलियाजवळ गाडीसकट त्सुनामीत सापडलं. हजारावर माणसं गेली. इंजिन दुरुस्त होऊन पुन्हा रुळांवर आलं.

कोलंबोची ट्राम १९६० मध्ये संपली, ट्रॉलीबस १९६४ मध्ये. लंडनहून आणलेल्या जुन्या दुमजली लाल बसही बहुतेक गेल्या. मॉरिस मायनर टॅक्सी आता हौशी लोकांकडे.

टाइमकीपर. याच्यावर कुणी लेख लिहीत नाही म्हणून थोडं जास्त. १९५८ मध्ये सरकारने सगळ्या खासगी बस ताब्यात घेतल्या आणि सत्तरीच्या अखेरीस खासगीवाल्यांना पुन्हा वाट मोकळी केली. तेव्हापासून एकाच रस्त्यावर लाल सरकारी बस आणि रंगीबेरंगी खासगी बस प्रवाशांसाठी झोंबताहेत. मोठ्या थांब्याशी एक माणूस वही घेऊन उभा असतो. बस आली की वेळ टिपतो आणि पुढची त्याच मार्गाची बस किती मिनिटांपूर्वी गेली ते सांगतो. कंडक्टर त्याच्या हातावर चिल्लर ठेवतो. अंतर जास्त असलं तर ड्रायव्हर रेंगाळतो, प्रवासी गोळा करतो. कमी असलं तर अशी हाणतो की उभ्याने पकडायला दांडी पुरत नाही. एरवी ‘इस्सरहट यन्न’ म्हणत सगळ्यांना पुढे सरकवणारा, बोटांच्या बेचक्यात उभ्या घडीच्या नोटा खोचलेला कंडक्टर त्या अर्ध्या मिनिटात फक्त वहीकडे बघतो. बसमध्ये जीपीएस बसलं की वहीची गरज संपेल. शर्यत संपेल असं मात्र मला वाटत नाही. पुढच्या बाकांवर भिक्खूंसाठी राखून ठेवलेल्या जागा मात्र कुठलंही ॲप हलवणार नाही.

तरी. पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमलीहून दक्षिणेला निघालं की खाड्यांवर तरींची रांग लागे. किन्नियाची तर २००९ मध्ये पूल झाल्यावर गेली. हिच्यासाठी हळहळायचं कारण नाही. रात्री बाळंतीण घेऊन काठावर ताटकळणाऱ्याला तरीतली कविता कधी दिसली नसेल.

तीनचाकी. बहुतेक बजाजच्या, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रात घडलेल्या. टू-स्ट्रोकचा तो फटफटाट जवळजवळ गेला; भाड्याची घासाघीस कोलंबोत ‘पिकमी’ ॲपने संपवत आणली, गावाकडे ती शिल्लक आहे. मार्च २०२० मध्ये परकीय चलनाअभावी वाहनांची आयात थांबली आणि जवळपास पाच वर्षं बहुतांशी बंदच राहिली. जुन्याच रिक्षा पत्रा ठोकून, गाद्या शिवून चालत राहिल्या. २०२२ मध्ये पेट्रोलच संपलं. रांगा दिवसेंदिवस हलत नसत. मग क्यूआर कोडवर आठवड्याला रिक्षामागे पाच लिटर. पाच लिटरमध्ये धंदा कसा करायचा, हे चालकांनाच विचारावं.

आणि बोट मेल. १९१४ पासून मद्रासची गाडी धनुष्कोडीला, तिथून बोटीने तलैमन्नार, पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबो. डिसेंबर १९६४ च्या वादळाने धनुष्कोडी पुसली. रामेश्वरमहून बोट पुढेही जात राहिली, ती ऐंशीच्या दशकात श्रीलंकेतल्या यादवी युद्धाने बंद पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिनम ते कांकेसंतुरै अशी प्रवासी बोट सुरू झाली. थोड्याच दिवसांत थांबली, पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा निघाली. ईशान्य मान्सून लागला की ती बंद असते.