आठवीनंतर काय?

साहेबांच्या मुलाने आणि त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाने एकाच बाकावर बसावे, ही कल्पना ऐकायला सगळ्यांनाच गोड वाटते. कोठारी आयोगाची (१९६४-६६) शिफारस तीच होती : वस्तीतली सगळी मुले जवळच्या एकाच शाळेत जावीत. १९६८च्या राष्ट्रीय धोरणानेही समान शाळा पद्धतीकडे जायचे ठरवले. पुढे झाले काय? ज्यांना परवडत होते त्यांनी खासगी शाळा गाठल्या आणि पालिकेच्या शाळेचे छप्पर गळते म्हणून ज्याची तक्रार ऐकली गेली असती, असा पालकच तिथे उरला नाही.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने दार थोडे किलकिले केले. विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवायच्या, परतावा सरकारने द्यायचा. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये. दाखले जमवताना मजुरी बुडते, मग डोळे सोडतीकडे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ व २०१४च्या निकालांमुळे सूट मिळाली. शहरांतल्या कितीतरी नामांकित कॉन्व्हेंट शाळा त्यांतच येतात!

फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने नियमच बदलला. १ किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेवर ही सक्ती नाही. आता एवढ्या अंतरात जिल्हा परिषदेची नाहीतर पालिकेची शाळा नाही, अशी वस्ती शोधायची कुठे? मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलैला नियम रद्द केला. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता.

जागा मिळाली तरी सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख, वाढदिवसाची चॉकलेटे हा खर्च कोण देणार? मूल सहलीच्या सकाळी पोट दुखते म्हणते आणि आईला काय ते कळते.

शिवाय कायद्याचे वय ६ ते १४. आठवी संपली की नववीची पूर्ण फी. आठ वर्षे इंग्रजी माध्यमात काढलेल्या मुलाने शाळा बदलायची, तीही दहावी दोन वर्षांवर आलेली असताना. काही घरांत त्यासाठी कर्ज निघते, काही ठिकाणी कानातले गहाण पडते. घरात भावंडे दोन असली, तर फी कोणाची भरायची हेही ठरते, आणि बहुतेकदा ते मुलीला वेगळे सांगावे लागत नाही.